पाटीवरचं शून्य

ता. ९ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

फोन केला की वॉर्डात आहे म्हणतेस आणि ठेवतेस. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

दादाला घरी आणून आठवडा झाला. न्यूमोनिया गेला, छाती स्वच्छ आहे, त्याबद्दल तुझ्या डॉक्टरांचे आभार. पण माझा भाऊ तुझ्या वॉर्डात स्वतःच्या पायांनी चालत आला होता आणि तिथून स्ट्रेचरवर बाहेर पडला. काल शेजारणीच्या मदतीने त्याला उभं केलं, तर गुडघे लटपटले आणि तो मटकन खाली बसला. ज्याने जन्मभर चालत्या बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडली, त्याची ही गत! मांड्यांवर मांस म्हणून उरलेलं नाही.

तो सांगतो की खाटेचे कठडे रात्रंदिवस वर. उतरतो म्हटलं की सिस्टर अंगावर यायच्या. बाथरूमला न्यायला नको म्हणून लघवीची नळी घातली. कशासाठी, तर तुमच्या दारावर पाटी आहे: पडलेले रुग्ण, शून्य. उत्कृष्ट वॉर्डाची ढालसुद्धा मिळाली म्हणे. अगं, उठूच दिलं नाही तर माणूस पडेल कसा? मी मेट्रन म्हणून निवृत्त झाले, तुला नाडी बघायला मी शिकवलं. हे कुणी शिकवलं?

दादा तुझ्याशी बोलायला तयार नाही आणि मी त्याची समजूत काढणार नाही.

लोभ आहे, पण तूर्त रागाच्या खाली आहे.
तुझी आत्या

ता. १४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग भडकले. भडकलेली असतानाच लिहिते आहे.

रात्रपाळीला दोन सिस्टर आणि तीस पेशंट. एकाला हात धरून बाथरूमला नेलं तर बाकीच्यांकडे कोण बघणार? पेशंट पडला की मेमो सिस्टरला, चौकशी सिस्टरची, नातेवाइकांच्या शिव्याही सिस्टरलाच. झोपून झोपून पाय गेले तर मात्र कुणी ब्र काढत नाही, कारण तोवर तो घरी गेलेला असतो. ढाल अधीक्षकांच्या खोलीत आहे. आम्हाला तिच्यासोबत फोटो काढण्यापुरतं बोलावलं होतं.

आणि एक ऐक. बाकीच्यांचे कठडे जेवताना तरी खाली करायचो. बाबांचे तेव्हाही वरच ठेवले. इन्चार्जचेच वडील पडले तर तोंड कसं दाखवू, असं वाटलं. मी त्यांना जपत होते, आत्या! आता स्वतःचाच इतका संताप येतो की सांगता सोय नाही.

रविवारी येते. बाबांना सांग.

तुझ्या रागासकट तुझीच,
ठमी

ता. १६ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

रविवारी येऊ नकोस. रडायला येणारी माणसं मला इथे नकोत, कामं पडली आहेत.

माणसं कमी आहेत हे कबूल. त्यासाठी मीही त्या खुर्च्यांवरच्या साहेबांशी कमी भांडले नाही. पण ही तक्रार मला काय लिहितेस? अधीक्षकांना लिही. आज तुझ्या वॉर्डात कुणाकुणाचे बाप आडवे पडलेत, ते आधी बघ. त्यातले किती चालत आले होते, ते बघ. मग ये.

दादा सकाळ-संध्याकाळ खुर्ची धरून उठबस करतो आणि मला यथेच्छ शिव्या घालतो. शिव्यांना दम आलाय.

लोभ कुठे जात नाही. कामाला लाग.
तुझी आत्या

ता. ११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांच्या मागे लागून नको त्या नळ्या काढायला लावल्या. कठडे कुणाला लागतात आणि कुणाला नाही, ते आता आम्ही रोज ठरवतो. जे चालत आले त्यांना रोज चालवतो. नातेवाइकांना कुठे आणि कसं धरायचं ते शिकवलं. अधीक्षकांना माणसं वाढवा म्हणून लिहिलं, उत्तर नाही.

गेल्या आठवड्यात एक आजोबा माझा हात सोडून पुढे गेले आणि पडले. गुडघा खरचटला, हाड शाबूत. पाटीवरचं शून्य मी माझ्या हाताने पुसलं आणि एक लिहिला. तासाभरात अधीक्षकांचं बोलावणं. ढाल परत जाणार म्हणून त्यांनी मला इतकं झापलं की बाहेरचा शिपाई खाली मान घालून उभा होता. मी विचारलं, माझ्या वडिलांचे पाय गेले, तो आकडा कुठल्या पाटीवर लिहू? तर उद्धट म्हणून वेगळा मेमो. सोमवारी चौकशी आहे. इन्चार्जपद बहुधा जाईल. जाऊ दे!

ते आजोबा काल चालत घरी गेले. बाबा बोलतील का गं?

तुझ्या लोभाची वाट बघणारी,
ठमी

ता. १३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझ्या आत्याने सांगितलं म्हणून लिहीत नाही. कुणी सांगितलेलं मी ऐकत नाही, हे तुझ्या वॉर्डाला ठाऊक आहे.

राग गेलेला नाही. कठडा धरून तुला हाका मारल्या आणि तू मान फिरवून पुढे गेलीस, ते विसरणं जमणार नाही. पण सोमवारच्या चौकशीत मान खाली घालू नकोस. त्यांनी पुरावा मागितला तर माझं नाव सांग.

मग घरी ये. बेल एकदाच वाजव आणि उभी राहा. आत्याला मी जागची हलू देणार नाही. दार मी उघडणार आहे. वेळ लागेल.

बाबा