चिंध्यांच्या बाळाची पाचवी

मुडबी, ता. ९ फेब्रुवारी १९८१

सौ. विहीणबाई बाणूबाई यांना मायाक्काच्या आईचा, म्हणजे माझा, डोक्यावर पदर घेऊन नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? व्याह्यांचा खोकला? मायाक्काला सातवा लागला, तिला चिंच खाऊ देता की नाही ते जावईबापूंनी कळवलं नाही (लग्नापासून त्यांचं एकच पत्र आलं, त्यात पत्ताच तेवढा होता). आमचे हे तुम्हाला नमस्कार सांगतात, म्हणजे सांगतील, सध्या शेळ्यांमागे गेलेत.

पत्राचं कारण असं की दिवाळीत तुम्ही म्हणालात, "पहिलं बाळंतपण माहेरी असतंय ते खरं, पन मुडबीत हाय काय? हितं नौबादला मी हाय, दवाखाना हाय. पोरीला तिकडं कामून धाडू?" ते मला फार लागलं. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या घरी व्हावं एवढीच माझी इच्छा. पण तुमच्या हातांवर नौबादची निम्मी पोरं जन्मली, आणि माझा अनुभव फक्त शेळ्यांचा. म्हणून मी कुणाला न विचारता तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन सुईणीचं महिन्याभराचं शिक्षण घेतलं. चौथी पास असल्यानं बारा बायकांत पुढे बसायचा मानही मिळाला.

शिकवायला हेमावती सिस्टर होत्या, म्हैसूरकडच्या. त्यांचं कन्नड स्वच्छ, आमची सगळी मराठी-कन्नड खिचडी. पहिल्या दिवशी त्यांनी चिंध्यांची बाहुली काढली, तिला नाळ म्हणून सुतळी शिवलेली. ती कापडी पिशवीत भरायची आणि एकेकीनं 'बाळंतपण' करून बाहेर काढायची. माझ्या वेळी ती पायाळू आली (पिशवीत मीच उलटी भरली होती). हात साबणानं धुवा, पातं उकळा, दोरा उकळा, असं रोज चालायचं. मी भीतीनं हात इतके धुतले की वर्गाचा आठवड्याचा साबण तिसऱ्या दिवशी संपला.

पाचव्या दिवशी मात्र माझ्या जिवाला चैन पडेना. लेकरू जन्मून पाच दिवस झाले, पाचवी पुजली नाही, सटवाई त्याच्या कपाळावर लिहिणार काय आणि कशी? मी बोलून दाखवलं तर बाकीच्या अकराजणींनाही तेच खुपत होतं. सटवाई खरी रात्रीची येते, पण वर्गाच्या खोलीला पाचला कुलूप लागतं, म्हणून तिला जेवणाच्या सुट्टीत बोलावलं. पाटा-वरवंटा समोरच्या खानावळीतून आणला. लिहायला कोरा कागद हवा, तर हजेरीचं रजिस्टर उघडून ठेवलं, आणि टेबलावर डॉक्टरांचा फाउंटन पेन होता तो ठेवला. हळदकुंकू वाहून आम्ही हात जोडून बसलो, आणि तेवढ्यात सटवाईच्या ऐवजी रेवणसिद्धप्पा डॉक्टर तपासणीला आले.

डॉक्टरांनी बाहुली पाहिली, रजिस्टर पाहिलं, पेनावरची हळद पाहिली. ही कल्पना कुणाची म्हणून विचारलं, तर अकरा बोटं माझ्याकडे. त्यांनी जागच्या जागी माझं नाव कापलं. विहीणबाई, मी तिथेच रडले. मला डोळ्यांसमोर तुम्ही दिसलात.

मी पिशवी भरायला लागले तोच एक बाई कळा देत आली. ती कुणाला जवळ येऊ देईना, किंचाळून दवाखाना डोक्यावर घेतला. सिस्टरनी मला, पायात येऊ नये म्हणून, तिच्या उशाशी बसवलं. तिनं माझा हात धरला (चार बांगड्या फुटल्या) आणि मला घाबरल्यावर बोलण्याशिवाय दुसरं काही येत नाही, म्हणून मी बोलत सुटले. शेळ्या, साबण, जावईबापूंचं पत्र, सगळं सांगितलं. पाचवीपर्यंत आले तशी ती कळांच्या मधे हसायला लागली. सिस्टर सांगतील तसा श्वास घेऊ लागली, आणि पोरगी झाली. सिस्टर डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, ही अक्का पाहिजे. बायका हिचं ऐकतात." डॉक्टरांनी त्याच पिवळ्या पेनानं माझं नाव पुन्हा लिहिलं.

आता माझ्याकडे सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र आहे आणि पत्र्याची पेटी आहे. तेव्हा मायाक्काला निर्धास्त पाठवा.

तुमची विहीण,
रेणुकाबाई उमाजी

ता. क. पेटीत कात्री, पातं, दोरा, सगळं आहे. साबण तेवढा नाही. माझ्या वाट्याचा कापून घेतला.

ता. क. दुसरा. खोटं कशाला बोलू. पुढं शिक्षण संपेपर्यंत सिस्टरनी मला उशाशीच बसवलं. खरं बाळ मी एकदाही झेललेलं नाही, आणि मायाक्काचं नुसतं मनात आलं तरी मी पुन्हा हात धुवायला उठते. तुम्हीच तिच्यासोबत या. सुनेच्या माहेरी विहीण सुईण म्हणून येत नसते, लोक बोलतील, बोलू द्या. मी उशाशी बसेन, तुम्ही पायाशी. येताना साबण आणा.

ता. क. तिसरा. हे पत्र मायाक्काला वाचून दाखवू नका. तिला वाटतंय, आईला सगळं येतं.