बेटावरच्या बकऱ्या

१९ एप्रिल २०२५, शनिवार

आज माय-बा बेटावर आले! वनरक्षक म्हणून मला इथं नेमणूक मिळाल्यापासून मागं लागले होते, तुझं रान दाखव. बोटीत बसताना मायनं माझा हात गच्च धरला. पैनगंगेच्या काठाला जन्म गेला, पण बोटीत कधी बसली नव्हती.

वाळूवरची सुरय पक्ष्यांची अंडी दाखवली. पाय कुठं टाकायचा ते आधी शिकवलं! एकवीस घरटी आहेत यंदा.

"उघड्यावरच ठिवतेत?" माय म्हणाली. "राखण कोन करतंय मग?"

"मी."

बा हसला. "मोहिनी मॅडम हायेत ना आमच्या!"

२५ एप्रिल

बेटाच्या मागच्या अंगाला पाणी गुडघ्याएवढंच उरलंय. कुणीही चालत येईल. राखणीला अजून एक माणूस मागितला. आमचे वनपाल शंकरसिंग साहेब म्हणाले — बघू.

२ मे, शुक्रवार

सकाळी बोटीतून उतरले तर वाळूभर खुरांचे ठसे. चौदा घरटी गेली! बलक वाळूत सुकलेला. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालून राहिले होते.

पलीकडं गवतात बकऱ्या. कानाला निळा रंग — आमच्याच. चंद्री मला बघून पळत आली, हात चाटायला लागली. मी तिला ढकललं.

सगळ्या गुपचूप हाकलून देता आल्या असत्या. पण मागून पर्यटकांची बोट लागली होती, फोटो काढणं सुरू होतं. ती बोट आली नसती तर मी काय केलं असतं? खरंच माहीत नाही.

३ मे

साहेब म्हणाले, "नियम सगळ्यांना बराबर. पंचनामा तूच लिही." बकऱ्या जप्त.

बाला चौकीत बोलावलं. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

साहेबांनी विचारलं, "पुंजाजी, बकऱ्या तुम्हीच सोडल्या?"

"व्हय. मीच."

"काहून, बा?" हे मी विचारलं. विचारायला नको होतं.

"चारा न्हाई राह्यला कुठं."

जबाबावर सही केली. मी शाळेत असताना शिकवलेली — वाकडीतिकडी. माझ्याकडं बघितलं नाही.

४ मे

घरी गेले नाही.

११ मे, रविवार

गेले शेवटी. बा ओट्यावर होता, मला बघून उठून गेला. मागोमाग गेले, भांडले — तुला बोट धरून अंडी दाखवली होती ना! सगळ्यांपुढं मला मान खाली घालायला लावलीस! तो बकऱ्यांच्या रिकाम्या वाड्यातला पालापाचोळा गोळा करत राहिला.

मायनं भाकर वाढली. चुलीकडं तोंड करून म्हणाली, "नको बोलूस त्यांना." एवढंच.

भाकर तशीच ठेवून आले.

१६ मे

उरलेल्या सातांपैकी दोन घरट्यांत पिल्लं निघाली. कुणाला सांगू?

२० मे, मंगळवार

उद्या बाची कोर्टात तारीख. दुपारच्या उन्हात माय पायी चौकीवर आली. दारातच बोलली —

"बकऱ्या म्या नेल्या व्हत्या. तुह्या बापाला मागून कळलं. मला बोलू देईनात. म्हणले, एकालाच तकलीफ पुरे."

पाणी पिऊन माघारी गेली. साहेबांना सांगितलं तर उद्या बाच्या जागी माय उभी राहील. फोन हातात घेऊन बसलेय.