पेटीवरचं शून्य

बुधवार, संध्याकाळ. साजगाव.

लिहून काढतो, नाहीतर डोकं थांबायचं नाही.

कारखान्याच्या शेडमध्ये नवा इलेक्ट्रॉनिक मीटर बसलाय, आणि ऑफिसात माझ्या टेबलावर त्याची पेटी. मीटर व्होल्टेजचे आकडे एकामागून एक वायरीतून पाठवतो, पेटी ते लाल दिव्यांत दाखवते. दुरुस्तीला लाइन बंद केली की गणपतदादा वायरमन शेडमधून ओरडतो, "काय हाय रं?" मी पेटी बघून "शून्य!" म्हणतो. मग तो उघड्या तारेला हात घालतो. रोजचंच.

आज लाइन चालू असताना मी टेबल सरकवलं आणि पेटीची मीटरकडून येणारी वायर निघाली. पेटीवर शून्य. शेडमधला पंखा मात्र गरगरत होता! म्हणजे मीटरकडून काहीच आलं नाही तरी पेटी शून्यच दाखवते? म्हणजे इतके दिवस मी काय बघून ओरडत होतो?

धावत जाऊन दादाला सांगितलं. म्हटलं, आधी तारेला टेस्ट लॅम्प लावून दिवा पेटतो का ते बघत जा. तो हसला. "गोष्टी लिवतोस ना, तुला भुतंच दिसायची. सायेब बोलले, पेटी चुकत नाय."

"दादा, उद्यापासून मी शून्य म्हणणार नाही. कितीही ओरड."

"नको बोलूस रं. मी माझा बघीन खिडकीतनं."

आणि माझ्या टेबलामागची खिडकी शेडकडेच उघडते. ते लाल शून्य तिथून अगदी स्पष्ट दिसतं.