बेचाळीस सह्या

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा रक्तदाब आणि आवाज, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. मी मजेत आहे. (हे लिहून पाच मिनिटं थांबलो. रोजनिशीत असतं तर खोडलं असतं, पत्रात चालतं.)

आमच्या वसाहतीच्या मंडळाचा मी सचिव, हे तू जाणतेसच. बिनपगारी आणि बिनविरोध, कारण दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. बेचाळीस घरं, एक सामायिक बाग, एक पाण्याची टाकी. नियमावलीत लिहिलंय की प्रत्येक नोटीस घरोघरी नेऊन वहीत सही घ्यावी. तेव्हा साडेपाचला मी वही काखेत मारून निघायचो. पेन घरी विसरायचो. (विसरायचो की ठेवायचो, याचा निकाल अजून लागलेला नाही.) लोक पेन शोधायला आत जातात, तेव्हा त्यांना "बसा" म्हणावंच लागतं. चौदा नंबरचे आजोबा तर पेन सापडल्यावरही सांगत नसत.

परवा वार्षिक सभेत नऊ नंबरच्या निवृत्त दंतवैद्य बाई उठल्या. म्हणाल्या, "सचिव, एका महिन्यात अकरा नोटिसा! टाकी धुणार म्हणून एक, धुतली म्हणून एक. आणि ही हो कसली, 'मागील नोटिशीत बदल नाही'?" हशा पिकला. मीही हसलो. (टाकी खरोखरच धुतली होती, एवढं माझ्या बाजूने.) मग त्यांनी ठराव मांडला की यापुढे नोटिसा फक्त फोनवरच्या ग्रुपवर टाकाव्यात. खजिनदार माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, तुमचेच पाय वाचतील!" वाईट याचं वाटलं, की ते अगदी मनापासून म्हणाले.

हात मोजायचं काम सचिवाचं. मोजण्यासाठी मी हात वर केला, तर बाईंनी तोही मतांत धरला. ठराव एकमताने मंजूर. इतिवृत्तात तसं मीच सुवाच्य अक्षरात लिहिलं.

काल ग्रुपवर पहिली नोटीस टाकली, कुंपणाची मेंदी छाटण्याबद्दल. चार मिनिटांत अडतीस अंगठे आले. याच कामाला मला तीन संध्याकाळी लागायच्या, म्हणजे सुधारणा झाली हे नाकारता येत नाही. साडेपाचला मी चपला घातल्या, दारात उभा राहिलो आणि पुन्हा काढल्या. मी नोटिसा द्यायला जात होतो की बसायला, हे बाईंना माझ्याआधी कळलं, याचं नवल करत बसलो.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : महिन्याभरात एखाद्या मालकाने लेखी हरकत घेतली, तर ठराव पुन्हा सभेपुढे येतो. बाबांनी हे घर आपल्या दोघांच्या नावावर केलंय, म्हणजे तूही मालक. मसुदा सोबत आहे, फक्त सही कर. (मी लिहिलाय असं वाटू नये म्हणून त्यात माझ्यावर दोन ताशेरे ओढलेत. दुसरा जरा जास्तच खरा झालाय.)

ता. क. २ : टपालाने पाठवू नकोस. हरकत मालकाने समक्ष आणून द्यावी लागते आणि सभा होईपर्यंत, म्हणजे निदान आठ दिवस, इथे राहावं लागतं.

ता. क. ३ : नियमावली पुन्हा वाचली. असा नियम त्यात नाही. हरकत घेतली नाहीस तरी चालेल. ये.