कोपरीच्या छापखान्यातला मॅक

गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८
डोंबिवली

आज मी गप्प बसले. का बसले?

आमच्या कंपनीचा ब्राउझर विंडोजवर चालतो. आता तो मॅकवरही चालायला हवाय आणि ऑफिसात मॅकच नाही. म्हणून तपासायला कोपरीतल्या छापखान्यात गेलेले. तिथे मंदाताई मॅकवर लग्नपत्रिका करतात. सकाळपासून एक लांबलचक पत्रिका टाइप करत होत्या. "बस गं, घे तुझं आटपून," म्हणाल्या आणि माझ्यासाठी चहा सांगायला गेल्या.

ब्राउझर उघडला, पान दिसलं, मी खूश! बंद केला, तर अख्खं मशीन अडकलं. माउसचा बाण हलेना. शेवटी मशीनच बंद करून चालू केलं. पत्रिका गेलेली.

छापखान्याचे मालक मंदाताईंवरच ओरडले, "सेव्ह करायला काय होतं हो तुम्हाला?"

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या आणि चहा माझ्या हातात दिला. मी तो प्यायले. सगळा.

आमच्या ब्राउझरमुळे झालं, एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग मालकांनी पुन्हा मॅकला हात लावू दिला नसता. हे खरं कारण, की नुसती सबब?

ऑफिसच्या रिपोर्टात मात्र सगळं लिहिलंय: बंद करताना मशीन अडकतं. तिथे बरं जमलं मला.

मी निघाले तेव्हा मंदाताई पुन्हा 'श्री गजानन प्रसन्न'पासून टाइप करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझं काम झालं ना गं?"

मी हो म्हटलं.