गच्चीवरची तार आणि गंगाआत्या

चि. निनाद यास,

काशीच्या मंगलागौरीच्या गल्लीतून तुझ्या नरहरदादाचे आशीर्वाद पोचावेत. सौ. हिमानीचा गुडघा कसा आहे? आम्ही दोघं ठीकठाक. गंगेचं पाणी पायऱ्यांखाली उतरलंय आणि माझी कंबर गच्चीचा जिना चढताना अजून कुरकुरते आहे.

तुझा निरोप मिळाला. गंगाआत्या आता कायमची पुण्यालाच राहील, तुमच्याकडे लिफ्ट आहे, डॉक्टर खालच्याच मजल्यावर आहे, वगैरे. बरं. (मला विचारलं नाहीस, पण बरं.) आपल्या दोघांनाही तिनेच वाढवलं, तेव्हा तुझाही हक्क आहेच. मला त्याबद्दल काहीही म्हणायचं नाही. हे पत्र अँटेनाबद्दल आहे.

माझा हॅम रेडिओ तुला ठाऊक आहे. (तू त्याला ‘दादाचं खरखर यंत्र’ म्हणतोस, तेही मला ठाऊक आहे.) सकाळी चाळीस मीटर लहरींच्या पट्ट्यावर नागपूर-भोपाळच्या मित्रांशी गप्पा आणि मग पंधरा मीटरवर थेट जपान, असा माझा निवृत्तीनंतरचा बेत. गच्चीवर जागा एकाच तारेपुरती, म्हणून एकाच तारेत दोन्ही पट्टे साधायचे ठरवलं. मधोमध बांबू आणि दोन्हीकडे तारेचा एकेक लांब हात. चाळीसला बेतलेली तार पंधरावरही चालते, पण जराशी चुकते. जुळली की यंत्राशेजारच्या मीटरचा काटा डावीकडे शहाण्यासारखा पडून राहतो. नाही जुळली की उजवीकडे उसळतो आणि आपण पाठवलेली शक्ती आपल्याच घरी परत येते.

जन्म रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेला, म्हटलं एक तार ती काय! अरे, त्या तारेने माझा पार भुगा केला. जरा जोडावी तर पंधरा जमे आणि चाळीस रुसे, कापावी तर उलट. शेजारचे पांडेजी रोज कठड्यावरून विचारायचे, “का गुरु, डिश लगावत हउवा?” माकडं झोके घेऊन गेली ती वेगळीच. सुमेधा म्हणाली, “इतना झंझट कशाला? जपानला फोन करा की!” (माझी बायको बनारसचीच. हिंदीत सुरू होते आणि टोमणा मात्र मराठीत मारते.)

आणि एका सकाळी, अहो आश्चर्यम्, दोन्ही पट्ट्यांवर काटा डावीकडे! ओसाकाचे एक आजोबा बोलले, आवाज लख्ख येतोय म्हणाले. मी गच्चीवरच्या खोलीत चक्क नाचलो. त्यानंतर रोज सकाळी सगळं उत्तम आणि ऊन तापलं की पंधरा मीटर बिघडलेलं. मी दोष दिला उन्हाला, केबलला, माकडांना. पांडेजींच्या कबुतरांनाही सोडलं नाही.

मग तू आत्याला घेऊन गेलास आणि दुसऱ्याच सकाळपासून पंधरा मीटर मेलं ते मेलंच. सगळे जोड उकलून पुन्हा डाग दिले, केबल नवी घातली, शून्य! शेवटी सुमेधा वर कपडे वाळत घालायला आली आणि सहज म्हणाली, “आत्या गेल्यापासून तुमची तार कशी उघडीबोडकी दिसते.”

मी हातातली पक्कड तिथेच टाकली. अरे, तार रात्रभर वर राहू लागल्यापासून आत्या पहाटे अंघोळ करून सोवळ्याची लुगडी धुऊन, ओलीच काठीने त्या तारेवर टाकायची! कुणाचा हात पोचणार नाही अशी गच्चीत तेवढी एकच जागा. बांबूच्या एका बाजूला पूजेचं लुगडं, दुसऱ्या बाजूला नैवेद्याच्या स्वैपाकाचं, आणि दोन्ही सारख्याच अंतरावर, कारण तिला वाकडंतिकडं खपत नाही. नेमक्या त्या जागी ओल्या कापडाचं ओझं पडलं की विजेच्या लेखी तार जरा लांबते, पंधरा मीटर जुळतं आणि चाळीसला धक्का लागत नाही. जाणकार तिथे तारेची वेटोळी लावतात, आपल्या आत्याने नऊवारी लावली. लुगडी वाळली की जुळणीही उडून जायची. आता तू विचारशील, दादा, दोन-दोन लुगडी लोंबत होती, तुला दिसली नाहीत? नाही दिसली! सोवळं वाळत असलं की मान खाली घालायची आणि अंग चोरून निघून जायचं, हे तिनेच आपल्याला धपाटे घालून शिकवलंय. तूही तसाच गेला असतास.

असो. अँटेनाची हकीकत एवढीच. बाकी काशी जागच्या जागी आहे.

तुझा दादा,
नरहर

ता.क. त्या जागी सगळं टाकून पाहिलं. सुमेधाची सिंथेटिक साडी पाणी धरत नाही आणि माझी लुंगी पुरत नाही.

आणखी एक ता.क. खरं सांगू का? रेडिओ गेला खड्ड्यात. पहाटे वर काठीचा आवाज येत नाही, “नरहर, शिवशील हो!” म्हणून कुणी ओरडत नाही. घर खायला उठतं रे. पाठव तिला परत. निदान तिला विचार तरी.

शेवटचा ता.क. पाकीट चिकटवणार तोच आत्याचा फोन. पहिला प्रश्न, “मेल्या, तार काढलीस का?” म्हटलं, नाही. “मग काढू नकोस. इथल्या गॅलरीत येणारा-जाणारा शिवतो. मी सांगितलं तर निनादला वाईट वाटेल, तूच काय ते लिही.” म्हणून लिहिलं. तिला गाडीत बसवून दे आणि ती दोन्ही लुगडी विसरू देऊ नकोस. माझं जपान त्यांच्यावर टांगलेलं आहे.