दुसरा एप्रन

जबलपूर, मंगळवार

प्रिय हर्षादीदी,

पत्र बघून तू हसशील. परवाच तर सदर बाजारात भेटलो, हातात फोन आहे, आणि ही बाई कागद काहून खरडून राहिली! अगं, फोनवर चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पुसलं. कागदावर खोडलेलं निदान दिसतं तरी.

परवा तुझ्या बंटीला कडेवर घेऊन तू चाटवाल्यापाशी उभी होतीस. केवढा झाला गं तो! त्यानं माझं कानातलं धरलं ते सोडेचना. तू मात्र त्याच्यापेक्षा ऑपरेशनांचंच जास्त विचारत होतीस. सर अजून ओरडतात का, डाव्या हातानं गाठ मारायला शिकलीस का, दुर्बिणीनं पित्ताशय काढायला मिळालं का. मी सांगत होते आणि तुझी बोटं तिथंच, हवेत, गाठ मारून राहिली होती. तुझ्या लक्षात तरी आलं का? फॅक्टरीच्या दवाखान्यात दिवसभर सर्दी-खोकल्याच्या गोळ्या लिहिणारी ती बोटं. मला पाणीपुरी गिळेना.

गिळेना याचं आणखी एक कारण आहे. मला अकरावा आठवडा लागलाय. आल्हादला माहीत आहे, आणि आता तुला. आईलासुद्धा सांगितलं नाही. तिला सांगितलं की गढा मोहल्ल्यातल्या अख्ख्या गल्लीला कळलंच समज.

आनंद झाला का, विचारू नको. होतो, सकाळी दहा मिनिटं. मग उलटी होते, मग वॉर्डात जाते, आणि तिथं तो ऑपरेशनांच्या यादीचा फळा. गुरुवारच्या यादीत पित्ताशयासमोर सर्जन म्हणून माझं नाव लिहिलंय, दीदी. दुर्बिणीची माझी पहिली केस. अडीच वर्षं दुसऱ्यांसाठी कॅमेरा धरून उभी राहिले, तेव्हा कुठे. सरांना सांगितलं तर नाव जाणार, हे तुला मी काय सांगू! नाही सांगितलं तर एक्स-रे मशीन चालणाऱ्या केसेसना उभं राहावं लागणार. एक धरावं तर दुसरं सुटतं. काय करू, मला खरंच काही कळून नाही राहिलं.

आल्हाद म्हणतो, सांगून टाक, जे होईल ते होईल. त्याचं काय जातं? तोही सर्जनच होऊन राहिला, हाडांचा का असेना. तोही बाप होणार आहे. पण त्याचं नाव कोण पुसणार? गेल्या वर्षी तुझ्या बॅचच्या सचिनला मुलगी झाली, त्यानं ऑपरेशन थिएटरात पेढे वाटले, आणि सरांनी खूश होऊन त्या दिवशीची मोठी केस त्यालाच दिली. चलो, बाप झाला, घे बक्षीस! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, मूर्खासारख्या. हे आठवून काल आल्हादवर एवढी भडकले की बिचाऱ्यानं कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायचं विसरला. करपलेली डाळ आम्ही दोघांनी खाल्ली.

आज मुतखड्याची केस होती. एक्स-रे मशीन चालू व्हायच्या आत मी शिशाचा एप्रन घातला आणि जमेल तेवढी मागं सरकले. आमची ज्युनिअर नेहा माहीत नाही तुला, तू गेल्यावर आली. कमी बोलते. तिनं खुंटीवरचा दुसरा एप्रन काढला, मागून येऊन माझ्या एप्रनवर चढवला आणि नाडी बांधली. एवढंच म्हणाली, दीदी, आप पीछे ही रहिए. तिला कळलं होतं. दिवसभर मी सरांच्या तोंडाकडे बघत होते, की आता बोलावतील, आता बोलावतील. नाही बोलावलं. आणि ऐक, गुरुवारच्या यादीत माझ्या खाली तिचंच नाव आहे. माझं पुसलं तर तीच वर चढणार. तिला हे माहीत नाही असं कसं म्हणू? फळा ती रोजच वाचते.

दीदी, दोन वर्षांपूर्वी, बंटीच्या वेळी, त्याच खुंटीपाशी तू एकावर एक दोन एप्रन घालताना मी पाहिलं होतं. परवा तू पुन्हा म्हणालीस की सचिननं तुझी चुगली केली, म्हणून त्याच्याशी अजून बोलत नाहीस. सचिनला काही माहीतही नव्हतं गं. सरांना मी सांगितलं. हर्षादीदीला जड काम देऊ नका, असं सांगितलं, आणि तुझ्या भल्यासाठीच सांगतेय अशी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी हर्नियासमोरचं तुझं नाव पुसलेलं होतं, तिथं माझं होतं, आणि तू वॉर्डात डिस्चार्ज कार्डं लिहायला बसली होतीस. जाईपर्यंत तेच लिहीत राहिलीस. पुसलं सरांनी, हे खरं. पण मी ती केस नको म्हटलं नाही, हात धुतले आणि उभी राहिले. मला तेव्हा तुझी काळजी होती की तुझी जागा हवी होती, हे मला आजही सांगता येत नाही. खूप आठवून पाहिलं. माफी मागायलासुद्धा तोंड नाही. गुरुवारचं काय करायचं तेही ठरत नाही. एवढंच कळत होतं की त्याच्या आत तुला हे माझ्याकडून कळायला हवं. तुझा एप्रन मी पाहिला आणि सरांच्या खोलीकडे गेले. नेहानं माझा पाहिला, आणि गाठ नीट बसली की नाही ते ओढून बघितलं.

तुझी म्हणायचा हक्क मी तेव्हाच घालवला, तरी दुसरं काय लिहू?
तुझीच,
यशश्री